लढाई तहकूब, भांडण चालू

१० मे २०२५, शनिवार. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या डीजीएमओंनी, म्हणजे लष्करी कारवायांच्या महासंचालकांनी, भारताच्या डीजीएमओंना फोन केला. संध्याकाळी पाचपासून जमिनीवर, हवेत आणि समुद्रात गोळीबार व सगळी लष्करी कारवाई थांबवायची असं ठरलं. सहाच्या सुमारास परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी ते देशाला सांगितलं आणि मराठी वाहिन्यांच्या पट्ट्यांवर ‘शस्त्रसंधी’ हा शब्द धावू लागला. त्याच रात्री सीमेवरच्या गावांत पुन्हा ड्रोन आले, धमाके ऐकू आले, आणि अकराच्या सुमारास मिस्रींना समझोत्याचा भंग झाल्याचं सांगायला पुन्हा पत्रकारांसमोर यावं लागलं.

नगर हे लष्कराचं गाव. रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र इथे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं केंद्र इथे, आणि १९६५ च्या लढाईत हाती लागलेले पाकिस्तानी पॅटन रणगाडे इथल्या संग्रहालयात पोरंटोरं बोटाने मोजतात. त्या रात्री इथल्या अनेक घरांत एकच प्रश्न होता : ‘संपलं म्हणाले ना? मग हे काय?’

संपलं असं कोणी म्हणालंच नव्हतं. थांबवायचं ठरलं, एवढंच म्हणाले होते. या दोन क्रियापदांमधलं अंतर किती, ते दाखवायला जिनिव्हा-न्यूयॉर्कला जायची गरज नाही. आता अहिल्यानगर म्हणवणाऱ्या या जिल्ह्याने गेल्या सव्वाचारशे वर्षांत लढाई थांबण्याचे आणि थांबूनही न संपण्याचे इतके नमुने पाहिले आहेत, की त्यांवर एक पाठ्यपुस्तक निघावं.

सारा तहकूब, सारा माफ

जुन्या मराठीत यासाठी एक फार नेमका शब्द होता, युद्धतहकुबी. आज तो वर्तमानपत्रांतून जवळजवळ गेला आणि त्याच्या जागी संस्कृत वळणाचा ‘शस्त्रसंधी’ आला. मला तहकुबी जास्त आवडते, कारण दुष्काळी मुलखातल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

पाऊस दगा द्यायचा, आणेवारी उतरायची आणि मग सरकारी हुकूम यायचा. त्या हुकमात दोन शक्यता असत. एक, यंदाचा शेतसारा तहकूब. दुसरी, यंदाचा शेतसारा माफ. पाथर्डी-जामखेडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला या दोन शब्दांतला फरक पोटाने कळायचा. माफ म्हणजे खात्यावरून रक्कम पुसली. तहकूब म्हणजे तलाठ्याच्या वहीत आकडा जिथल्या तिथे, फक्त यंदा दारात वसुलीला कोणी येणार नाही. पुढचं साल पिकलं की तोच आकडा पुन्हा उभा राहणार. तरीही तहकुबी मिळाली म्हणून माणूस सुटकेचा श्वास घ्यायचा, कारण तेवढ्या सवडीत बैल विकायचे वाचत, बी-बियाण्याची सोय होई, कदाचित पुढच्या वर्षी माफीही पदरात पडे.

शस्त्रसंधी ही तहकुबी आहे. तह ही माफी, किंवा निदान हिशेब मिटवणं. ज्या कारणासाठी लढाई जुंपली, मग ते गाव असो, किल्ला असो, गादी असो, ते कारण शस्त्रसंधीत वहीवर तसंच राहतं. फक्त वसुली थांबते.

*चौकट : शब्द आणि त्यांची वजनं*
*शस्त्रसंधी, युद्धबंदी, युद्धविराम, युद्धतहकुबी : लढणं ठरावीक वेळेपासून थांबवणं. युद्धाची स्थिती कायम. (हिंदी बातम्यांत ‘युद्धबंदी’ म्हणजे पकडलेला सैनिक. मराठीत त्याला युद्धकैदी म्हणतात. हिंदीवरून घाईघाईने भाषांतर करणाऱ्यांनी इथे जपावं.)*
*तह : भांडणाचा निकाल लावणारा लेखी करार.*
*शरणागती : एका बाजूने हत्यार खाली ठेवणं. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात झाली ती ही. पश्चिम सीमेवर दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून झाली ती शस्त्रसंधी.*
*कौल : जिवाला, मालमत्तेला धक्का लावणार नाही असं वचन. किल्ला उतरवून देताना मागत ते हे.*

किल्लेदार म्हणाला, आधी तोफा थांबवा

लढाई थांबवण्यातला सगळ्यात अवघड क्षण पहिला असतो. बोलणी करायची तर गोळीबार थांबायला हवा, आणि गोळीबार थांबवायचा तर आधी काहीतरी बोलणं व्हायला हवं. पहिलं पाऊल कोणी टाकायचं? जो आधी थांबेल तो दुबळा दिसतो. शिवाय समोरचा थांबलाच नाही तर हकनाक मरतो.

ऑगस्ट १८०३ मध्ये नगरच्या भुईकोट किल्ल्याने हा पेच जसाच्या तसा पाहिला. किल्ला तेव्हा दौलतराव शिंद्यांच्या ताब्यात होता. ८ ऑगस्टला जनरल आर्थर वेलस्लीच्या फौजेने शिड्या लावून शहराची पेठ घेतली. हाच पुढे वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन. १० तारखेला पहाटे त्याच्या तोफा किल्ल्याच्या तटावर सुरू झाल्या. त्याच दिवशी किल्लेदाराचा निरोप आला : बोलणी करायला माणूस पाठवायचा आहे, तोवर मारा थांबवा.

वेलस्लीने नकार दिला. किल्ला हाती येईपर्यंत किंवा किल्लेदार तो देईपर्यंत मी मारा थांबवत नसतो, मात्र काय सांगायचं ते ऐकून घेईन, अशा आशयाचं त्याचं उत्तर त्याच्याच पत्रव्यवहारात आहे. हे उर्मट वाटतं, पण त्यामागे हिशेब होता. वेढ्यात वेळ ही आतल्या माणसाची मित्र असते. तोफा चार तास थांबल्या तरी पडझड झालेल्या तटामागे मातीचा नवा बांध उभा राहतो, दारूगोळा इकडचा तिकडे होतो, बाहेरून मदतही येऊ शकते. थांबण्याचा फायदा दोघांना सारखा मिळत नाही, आणि कोणाला जास्त मिळणार यावर शस्त्रसंधीचं अर्धं राजकारण चालतं.

११ तारखेला सकाळी किल्लेदाराचे दोन वकील छावणीत आले. वकील म्हणजे तेव्हाचा राजदूत, कोर्टातला नव्हे. मागणी अशी : शिबंदीसह सुखरूप बाहेर जाऊ द्यावं आणि खाजगी मालमत्तेला हात लावू नये. वेलस्लीने ती मान्य केली. तरी तोफा थांबल्या नाहीत. ओलीस माणसं छावणीत येईपर्यंत मारा बंद होणार नाही, अशी त्याची अट होती, आणि ओलीस यायला संध्याकाळचे पाच वाजले. म्हणजे करार तोंडी झाल्यावरही दिवसभर किल्ला हादरत राहिला. पाचनंतर शांतता झाली. १२ ऑगस्टला सकाळी किल्लेदार १,४०० माणसांनिशी बाहेर पडला.

या तीन दिवसांत शस्त्रसंधीची सगळी यंत्रणा दिसते. निरोप नेणारा माणूस, ज्याला मारायचं नाही असा दोन्हीकडचा रिवाज. मग अटी. मग शब्द पाळला जाईल याची हमी, तेव्हा ओलिसांच्या रूपाने. आणि सगळ्यात शेवटी मारा बंद होण्याची घटका. यातला निरोप्याचा रिवाज पुढे १९०७ च्या हेग नियमांत, म्हणजे युद्धाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत, लेखी आला. पांढरं निशाण घेऊन येणारा दूत, त्याच्यासोबतचा बिगुलवाला किंवा ढोलवाला, निशाण धरणारा आणि दुभाषा, या सगळ्यांना अभय. पण त्याच नियमांत हेही आहे की समोरच्या सेनापतीवर त्या दूताला भेटण्याची सक्ती नाही, आणि दूताने त्या संधीचा गैरफायदा घेतला तर त्याचं अभय जातं. पांढरं निशाण म्हणजे शरणागती, ही सिनेमाने करून दिलेली समजूत. नियमांत त्याचा अर्थ इतकाच : मला बोलायचं आहे.

वीस कोसांची अट

नगर पडल्यावर सुमारे दीड महिन्याने, २३ सप्टेंबरला, असईची लढाई झाली. त्यानंतर शिंद्यांनी बोलणी सुरू केली आणि २३ नोव्हेंबर १८०३ रोजी त्यांचे वकील आणि वेलस्ली यांच्यात शस्त्रसंधीचा करार झाला. त्यातली महत्त्वाची अट अंतराची होती. शिंद्यांच्या फौजेने एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, पूर्वेला वीस कोसांवर जाऊन राहायचं. कोस दोन मैलांचा धरला तर हे साठ-पासष्ट किलोमीटर होतात.

अंतर कशाला? कारण समोरासमोर उभ्या असलेल्या दोन फौजा कागदाच्या भरवशावर फार काळ गप्प राहू शकत नाहीत. घोड्यांना वैरण लागते, पाण्यावर माणसं जातात, एखादा पोरसवदा शिपाई घाबरून बार काढतो. फौजाच एकमेकींना दिसेनाशा केल्या, की अपघाताची शक्यता निम्म्याने कमी होते. आणि तपासही सोपा होतो. शिंद्यांच्या मनात काय आहे हे वेलस्लीला कळणं शक्य नव्हतं. त्यांचा तळ कुठे पडला आहे हे मात्र हेर दोन दिवसांत सांगू शकत होते.

तळ हलला नाही. उलट शिंद्यांचं घोडदळ नागपूरकर भोसल्यांच्या फौजेजवळ दिसलं. भोसल्यांशी तर शस्त्रसंधी झालीच नव्हती. २९ नोव्हेंबरला इंग्रज फौजा आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावजवळ आल्या, तेव्हा शिंद्यांचे वकील हल्ला करू नका म्हणून काकुळतीला आले. त्यांना उत्तर मिळालं ते दोन वाक्यांचं : भोसल्यांशी तहकुबी नाही, आणि शिंद्यांशी आहे ती अट पाळल्यावर लागू होणार होती. त्याच दिवशी अडगावची लढाई झाली आणि मराठी फौज मोडली. करार होऊन आठवडाही झाला नव्हता. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ तारखेला भोसल्यांनी देवगावचा तह केला, ३० तारखेला शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावचा. नगरचा किल्ला इंग्रजांनी ऑगस्टमध्येच घेतला होता, पण शिंद्यांचा त्यावरचा हक्क कायद्याने गेला तो या दुसऱ्या तहाने.

वेलस्लीने त्या कराराचा वापर शिंदे आणि भोसले यांना वेगळं पाडायला केला, असं म्हणायला भरपूर जागा आहे. मी तसंच म्हणेन. पण त्याला ती जागा करारातल्याच दोन गोष्टींनी दिली. करार कोणाकोणाला बांधतो, आणि तो कागदावर सही झाल्यापासून लागू होतो की अट पूर्ण झाल्यापासून? या दोन प्रश्नांची उत्तरं शिंद्यांच्या दरबाराने गृहीत धरली होती, आणि समोरच्याने तपासून ठेवली होती.

चांदबिबीचा तह आणि पाथरीचा प्रश्न

माणसं लढाई थांबवायला कधी तयार होतात? दया आली म्हणून क्वचितच. दोघांनाही पुढे लढणं महाग पडू लागतं तेव्हा.

१५९५ च्या डिसेंबरात अकबराचा मुलगा मुराद नगरच्या किल्ल्याला वेढा घालून बसला. आत चांदबिबी होती, आणि गादीवर बहादूर हा लहान मुलगा. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले, आतल्यांनी त्यातले काही शोधून निकामी केले, पण एकाने तट उडाला. चांदबिबी स्वतः भगदाडावर उभी राहिली आणि रातोरात ते बुजवून घेतलं. ही गोष्ट नगरमध्ये शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तिच्यापुढची गोष्ट कमी सांगितली जाते. किल्ला टिकला, पण आत दाणागोटा संपत आला होता. बाहेर मोगलांनाही रसद मिळेना, मुराद आणि मोगल सेनापती खानखानान यांचं आपसात पटेना, आणि विजापूर-गोवळकोंड्याची कुमक निघाल्याच्या बातम्या येत होत्या. दोघेही थकले होते आणि दोघांनाही उद्याची भीती होती. १५९६ मध्ये तह झाला. वऱ्हाड मोगलांना, आणि बहादूर निजामशहा म्हणून मान्य.

वऱ्हाड दिलं खरं, पण वऱ्हाड कुठे संपतं? मोगलांनी पाथरीचा मुलूखही आपलाच म्हणून धरला. निजामशाहीचं म्हणणं, तो वऱ्हाडात येतच नाही. वर्षभरात, १५९७ च्या सुरुवातीला, गोदावरीकाठी सोनपेठजवळ पुन्हा मोठी लढाई झाली.

कागदावरच्या रेघेत ठेवलेली अशी ढिलाई पुढे रक्त मागते, आणि याचं विसाव्या शतकातलं उदाहरण आपल्या घरातलंच आहे. १ जानेवारी १९४९ ला काश्मिरातली पहिली लढाई थांबली. २७ जुलै १९४९ ला कराचीत दोन्ही लष्करांनी शस्त्रसंधी रेषा ठरवली. एनजे ९८४२ नावाच्या बिंदूपर्यंत ती नीट आखली. तिथून पुढे माणूस राहू शकणार नाही असं धरून, ‘उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत’ एवढ्यावर भागवलं. १९८४ च्या एप्रिलमध्ये भारतीय सैन्य सियाचेनवर चढलं ते त्या न आखलेल्या तुकड्यासाठी.

चांदबिबीचा शेवट सांगायला हवा. १६०० मध्ये मोगल पुन्हा आले. या वेळी किल्ला फार दिवस टिकणार नाही हे तिने ओळखलं आणि अटी घालून तो देण्याचा विचार बोलून दाखवला. ती फितूर झाली अशी आवई उठली आणि तिच्याच माणसांनी तिला ठार केलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत किल्ला पडला, आणि अटी घालायला कोणी उरलं नव्हतं. ‘थांबूया’ म्हणणाऱ्याला गद्दार ठरवणं टीव्हीने शोधलेलं नाही.

खर्डा : थांबण्याची किंमत

जामखेड तालुक्यातलं खर्डा. ११ मार्च १७९५ रोजी इथे मराठे आणि हैदराबादचा निजाम यांची लढाई झाली. लढाई म्हणावी तर थोडक्यात आटोपली. निजाम रात्रीतून खर्ड्याच्या गढीत शिरला आणि तिथेच कोंडला गेला. काही दिवस तोफा आणि तहान झेलल्यावर त्याने मारा थांबवण्याची विनंती केली.

नाना फडणविसांनी थांबण्याचीच किंमत लावली. तहाची बोलणी नंतर, आधी निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क आमच्या स्वाधीन करा. ज्याने पुण्याच्या दरबाराचा अपमान केला होता तोच हा माणूस. निजामाने कुरकुरत का होईना तो दिला. मग परांड्यापासून तापीपर्यंतचा मुलूख, दौलताबादचा किल्ला आणि सुमारे तीन कोट रुपये अशा अटी पदरात पडल्या.

पूर्वअट ही चीज अशी असते. जो वरचढ असतो तो ती मागतो, कारण तहाच्या वाटाघाटी लांबल्या तरी तेवढं तर हाती लागलेलं असतं. पण मुलूख आणि पैसा तहाच्या कागदावर होते आणि वसूल व्हायचे होते. २७ ऑक्टोबरला सवाई माधवराव गेले, पुण्यात गादीसाठी रस्सीखेच सुरू झाली, आणि त्या खेळात निजामाचा पाठिंबा मिळवायला नानांनी जिंकलेलं बरंचसं परत देऊ केलं. मुशीरुल्मुल्कही सुटून गेला. ‘युद्धात जिंकले, तहात हरले’ असं आपण सहज म्हणतो. खर्ड्यात तर तहातही जिंकले होते. हरले ते अंमलबजावणीत.

वेळ का ठरवतात

१० मेला फोनवर बोलणं साडेतीनला झालं आणि थांबायचं पाचला, ते का? कारण हुकूम दिल्लीहून निघून शेवटच्या चौकीवरच्या, शेवटच्या तोफेवरच्या माणसापर्यंत पोचायला वेळ लागतो. हेग नियमांतही शस्त्रसंधीची सूचना अधिकृतपणे आणि वेळेत सैन्याला दिली पाहिजे असं कलम आहे.

पहिल्या महायुद्धाची शस्त्रसंधी ११ नोव्हेंबर १९१८ ला पहाटे पाचच्या सुमारास सही झाली आणि सकाळी अकराला लागू झाली. मधल्या सहा तासांत माणसं मरत राहिली. काही सेनापतींनी तर शेवटच्या तासांतही हल्ले चालू ठेवले. तिकडे पूर्व आफ्रिकेत जर्मन सेनानी फॉन लेटो-फोरबेक याला बातमी दोन-तीन दिवसांनी कळली, आणि त्याने हत्यारं टाकली ती २५ नोव्हेंबरला.

या युद्धाचं एक टोक नगरमध्ये होतं. इथल्या छावणीत हजारो मैलांवरून आणलेले जर्मन कैदी आणि स्थानबद्ध नागरिक ठेवले होते. अकरा तारखेला तोफा थांबल्या, पण नगरच्या छावणीचं दार उघडलं नाही. शस्त्रसंधीच्या अटींत जर्मनीने पकडलेले दोस्तांचे कैदी ताबडतोब सोडायचे होते. जर्मन कैद्यांना मात्र त्या बदल्यात सोडायचं नव्हतं. त्यांचा प्रश्न तहावर टाकला होता, आणि व्हर्सायचा तह व्हायला २८ जून १९१९ उजाडला. ती शस्त्रसंधी मुळात फक्त ३६ दिवसांची होती. तह लांबत गेला तशी तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली.

ओलिसांच्या जागी कोण आलं

आता ओलीस ठेवत नाहीत. हमीचं काम तिघांकडे वाटलं गेलं आहे : अंतर, साक्षीदार आणि फोन.

कोरियात २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाली तेव्हा दोन्ही फौजांमध्ये चार किलोमीटर रुंदीचा निर्लष्करी पट्टा आखला. तो आजही आहे, कारण तह आजतागायत झालेला नाही. दोन वर्षं चाललेल्या त्या वाटाघाटी मुख्यतः अडकल्या होत्या त्या कैद्यांवरून. आपल्या देशात परत जायला नकार देणाऱ्या कैद्यांचं करायचं काय? तोड अशी निघाली, की ते तटस्थ देशाच्या ताब्यात द्यायचे. तो देश भारत. तटस्थ आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि २२ हजारांहून अधिक कैदी सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, आपले कोल्हापूरकडचे. दोन्ही बाजूंचे लोक शिव्या देत असताना, हाती सत्ता जवळजवळ नसताना, महिनोन्‌महिने हे काम त्यांनी निभावलं. साक्षीदाराचं काम असंच असतं. ते नीट झालं तर बातमी होत नाही.

भारत-पाकिस्तानमध्ये जानेवारी १९४९ पासून संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक आहेत, पण १९७२ च्या सिमला करारानंतर भारत त्यांना फारसं मोजत नाही. त्याच वर्षी शस्त्रसंधी रेषेची नियंत्रण रेषा झाली. प्रत्यक्ष भार आहे तो दोन डीजीएमओंमधल्या हॉटलाइनवर. नोव्हेंबर २००३ ची शस्त्रसंधी आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिची पुन्हा दिलेली ग्वाही, दोन्ही टिकल्या तेव्हा या फोनमुळे टिकल्या. रात्री एका चौकीवरून गोळी आली तर सकाळी विचारता येतं : हे तुमचं ठरवून होतं, की कोणाचा हात चुकला?

मोडली असं कधी म्हणायचं

‘ठरवून की चुकून’ हा प्रश्न विचारण्याला कायद्यात मोल आहे. हेग नियम दोन प्रकारचे भंग मानतात. एखाद्या माणसाने स्वतःच्या डोक्याने गोळी झाडली तर समोरच्याला त्याच्या शिक्षेची आणि नुकसानभरपाईची मागणी करता येते, शस्त्रसंधी मोडल्याचं जाहीर करता येत नाही. भंग गंभीर असेल आणि बाजूने केलेला असेल, तर करार रद्द करता येतो आणि अगदी निकडीच्या वेळी लगेच लढाईही सुरू करता येते. म्हणून सरकारं पहिल्या तासांत शब्द जपून वापरतात. १० मेच्या रात्री मिस्रींनी भंग झाला म्हटलं, पाकिस्तानने तो गंभीरपणे हाताळावा म्हटलं, लष्कराला चोख उत्तर द्यायला सांगितल्याचं म्हटलं. करार संपला असं म्हटलं नाही. १२ मे रोजी डीजीएमओ ठरल्याप्रमाणे पुन्हा बोलले.

मग मुदतीची चर्चा सुरू झाली. समझोता अठरा तारखेपर्यंतच आहे, अशी बातमी फिरली. लष्कराने १८ मे रोजी खुलासा केला, की याला मुदत संपण्याची तारीख नाही. अनेकांनी याचा अर्थ ‘कायमचा’ असा घेतला. नियम वेगळं सांगतो. मुदत ठरलेली नसेल तर दोन्हीपैकी कोणीही, ठरल्याप्रमाणे आधी कळवून, केव्हाही लढाई पुन्हा सुरू करू शकतो. बिनमुदतीची शस्त्रसंधी कोरियासारखी सत्तर वर्षं चालते, किंवा अडगावसारखी आठवडाही टिकत नाही.

संपादकांना एक विनंती

आपल्याकडे शस्त्रसंधीची बातमी दोन रंगांत येते, विजय किंवा माघार. वाचकाला हवं असतं ते दुसरंच. कोणाकोणाला ती लागू आहे, किती वाजल्यापासून, कुठल्या रेषेपर्यंत, कोण कुठे मागे सरकणार, भंग झाला तर कोण कोणाला फोन करणार, आणि मुदत किती. निवेदनात यातलं जेवढं असेल तेवढं शब्दशः छापावं, आणि जे नसेल ते नाही म्हणून छापावं. मराठी वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी पुढच्या वेळी चर्चेच्या चार खिडक्यांऐवजी हा मजकूर एका चौकटीत पूर्ण द्यावा. सीमेवर ज्यांची माणसं आहेत, ते तो ओळ न् ओळ वाचतील.